सवलतीच्या यादीत नोंद आहे, कामाच्या जागी का नाही?



रेल्वेच्या प्रवासभाडे सवलतींची यादी आपल्या बुकिंग क्लार्क साथींना तोंडपाठ असते. कर्करोग, क्षय, थॅलॅसेमिया, मूत्रपिंडाचे विकार अशा नोंदींच्या ओळीत 'ऑस्टॉमी रुग्ण' अशीही एक नोंद आहे. ज्याच्या पोटावर शस्त्रक्रियेने छिद्र करून मलमूत्रासाठी बाहेरून पिशवी लावलेली असते, अशा माणसाला मासिक व त्रैमासिक सीझन तिकिटावर, प्रथम आणि द्वितीय वर्गात, ५० टक्के सवलत मिळते. त्याच्या एका सोबत्यालाही मिळते. प्रवास कोणत्या कारणासाठी, हे विचारले जात नाही. मार्च २०२० मध्ये करोनाच्या निमित्ताने ज्येष्ठ नागरिकांची सवलत बंद झाली, पण रुग्णांच्या सवलतींच्या यादीत ही नोंद कायम राहिली.

म्हणजे प्रवासी म्हणून हा माणूस रेल्वेला माहीत आहे. तोच माणूस रेल्वेचा पॉइंट्समन, ट्रॅकमन किंवा वर्कशॉपमधला फिटर असेल, किंवा टपाल खात्याचा पोस्टमन असेल, तर त्याला कोण ओळखते? त्याला पिशव्या कोण देणार, दर दोन-तीन तासांनी पिशवी रिकामी करायला जागा कुठे मिळणार, जड काम सोडावे लागले तर त्याच्या पगाराचे काय, या प्रश्नांवर आपल्या शाखांच्या सभांत चर्चा होताना दिसत नाही. हा विषय संघटनेच्या कार्यसूचीवर यायला हवा, एवढेच या लेखाचे म्हणणे आहे.

हा प्रकार काय आहे

मूत्राशय काढून टाकावे लागले किंवा ते निकामी झाले, तर लघवीला दुसरी वाट करून द्यावी लागते. सर्वांत रूढ पद्धत अमेरिकेतील सर्जन युजीन ब्रिकर यांनी १९५० मध्ये मांडली. लहान आतड्याचा साधारण वीतभर तुकडा वेगळा करायचा, मूत्रपिंडाकडून येणाऱ्या दोन्ही नळ्या त्याला जोडायच्या, आणि त्या तुकड्याचे तोंड पोटावर, बहुधा बेंबीच्या उजवीकडे खाली, उघडायचे. या तोंडाला स्टोमा म्हणतात. स्टोमाला झडप नसते आणि त्यावर माणसाचा ताबा नसतो. लघवी थेंबथेंब सतत येत राहते आणि कातडीला चिकटवलेल्या पिशवीत जमा होते. पिशवीला खाली तोटी असते. एक तृतीयांश भरली की ती रिकामी करायची, रात्री तिला मोठी पिशवी जोडायची, आणि चिकटणारी चकती तीन-चार दिवसांनी बदलायची.

दुसऱ्या काही पद्धतींत आतड्याचेच नवे मूत्राशय आत बसवतात, किंवा पोटात साठवण करून ती नळी घालून रिकामी करावी लागते. त्यांत बाहेर पिशवी दिसत नाही, पण घड्याळ लावून रात्रीही उठावे लागते. शिवाय अपघातात कमरेचे हाड मोडून मूत्रमार्ग तुटलेला कामगार असतो. त्याच्या ओटीपोटातून नळी काढलेली असते आणि ती काही महिने किंवा वर्षभरही राहू शकते. यार्डात दोन डब्यांच्या मध्ये काम करणाऱ्यांना या दुखापतीचे वेगळे वर्णन करून सांगण्याची गरज नाही.

मूत्राशय काढण्याचे मोठे कारण कर्करोग, आणि त्या कर्करोगाचे मोठे कारण विडी-सिगारेट. पण कारखान्याचाही त्यात हात आहे. १८९५ मध्ये जर्मनीतील फ्रँकफर्टच्या लुडविग रेन या सर्जनने रंग बनवणाऱ्या कामगारांमधले मूत्राशयाचे अर्बुद प्रथम नोंदवले. रंगारी म्हणून काम करणाऱ्यांना हा धोका अधिक असतो, हे पुढे जागतिक पातळीवर मान्य झाले. आपल्या देशातही १९२३ च्या कामगार भरपाई कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात, व्यवसायजन्य रोगांच्या यादीत, मूत्राशयाच्या अस्तराच्या कर्करोगाची नोंद झाली. वर्कशॉपमध्ये वर्षानुवर्षे रंगकाम केलेल्या साथीला हा रोग झाला, तर त्याच्या कामाचा इतिहास डॉक्टरांच्या कागदावर आला पाहिजे. तो आणण्याचे काम शाखेचे आहे. आणि प्रत्येकाने एक गोष्ट ध्यानात ठेवावी: लघवीतून न दुखता एकदा जरी रक्त गेले, तरी ते उष्णतेमुळे झाले असेल असे म्हणून सोडून देऊ नये. लगेच तपासणी करावी.

उरल्याहून पाहिले तर

रायपूरच्या उत्तरेला उरला ही औद्योगिक वसाहत आहे. लोखंडाच्या रोलिंग मिल, भट्ट्या, कारखान्यांत जाणाऱ्या सायडिंग. लगतचे उरकुरा स्टेशन हावडा-मुंबई मुख्य मार्गावर आहे आणि मालगाड्यांना रायपूर स्टेशन टाळून जाण्यासाठीची लाइन तिथूनच सरोन्याकडे वळते. १९५६ पर्यंत या मुलखाची राजधानी नागपूर होती आणि रेल्वेही नागपूरकडूनच आली. त्यामुळे रेल्वे, टपाल आणि सरकारी नोकऱ्यांच्या मागे इथे स्थायिक झालेली मराठी कुटुंबे रायपुरात पिढ्यान्पिढ्या आहेत. बापाची नोकरी रेल्वेत आणि मुलगा उरल्याच्या मिलमध्ये कंत्राटावर, अशी घरे या पट्ट्यात नवलाची नाहीत.

समजा, अशा घरातल्या एका माणसाला पोटावर पिशवी आली. शस्त्रक्रियेची सोय आता पूर्वीइतकी दूर राहिलेली नाही. रायपुरात आंबेडकर रुग्णालयात, म्हणजे मेकाहाऱ्यात, प्रादेशिक कर्करोग केंद्र आहे. २०१२ पासून एम्स सुरू आहे. रेल्वे कर्मचाऱ्यासाठी विभागाचे रुग्णालय आणि बिलासपूरचे केंद्रीय रुग्णालय आहे. अडचण सुरू होते ती टाके निघून घरी आल्यावर.

मे महिन्यात रायपूरचा पारा ४५ अंशांकडे जातो. भट्टीजवळ किंवा रुळावर काम करणाऱ्याला घामाच्या धारा लागतात आणि चकतीचा चिकटपणा सुटतो. चार दिवस टिकणारी चकती दीड दिवसात गळू लागते. चार माणसांत कपडे ओले होण्याच्या धास्तीने कामगार पाणी पिणे कमी करतो. तेच सर्वांत घातक. लघवी दाट होते, जंतुसंसर्ग होतो, खडे होतात, मूत्रपिंडावर ताण येतो. अशा माणसाने दिवसाला दोन-अडीच लिटर पाणी प्यायलाच हवे, आणि उन्हाळ्यात त्याहून जास्त. हे त्याला डॉक्टरांनी सांगितलेले असते. पण पाणी प्यायल्यावर पिशवी रिकामी करायची कुठे, याचे उत्तर डॉक्टरकडे नसते. ते स्टेशन मास्तरकडे, पोस्टमास्तरकडे आणि कारखान्याच्या मॅनेजरकडे असते, आणि त्यांच्याकडून ते मिळवावे लागते.

आता ती सवलत पुन्हा पाहू. सीझन तिकीट १५० किलोमीटरपर्यंतच निघते. रायपूरहून नागपूर सुमारे ३०० किलोमीटर आहे आणि मुंबई अकराशेच्या पुढे. मुंबईच्या लोकलने रोज जाणाऱ्याला त्या ५० टक्क्यांचा खरा उपयोग आहे. उरल्याच्या माणसाला नागपूरला किंवा मुंबईला जायचे असेल तर काहीच नाही. कर्करोगाची वेगळी सवलत आहे, पण ती उपचार आणि तपासणीच्या प्रवासापुरती. रोग बरा झाला आणि पिशवी मात्र जन्मभराची राहिली, किंवा पिशवी कर्करोगाने नव्हे तर अपघाताने आली, तर लांबच्या तिकिटावर सवलत नाही.

आधार कोणाकडून मिळतो

या बाबतीत जगाचा अनुभव एकाच बाजूला जातो. पिशवीबरोबर जगायला शिकवतो तो बहुधा आधी तेच भोगलेला माणूस. अमेरिकेत क्लीव्हलँड येथील सर्जन रूपर्ट टर्नबुल यांनी १९५८ मध्ये नॉर्मा गिल या आपल्याच एका माजी रुग्ण महिलेला रुग्णालयात कामावर घेतले. तिच्या स्वतःच्या पोटावर स्टोमा होता. ती इतर रुग्णांच्या खाटेपाशी बसून पिशवी कशी लावायची, कातडी कशी जपायची, कपडे कसे घालायचे हे शिकवी. १९६१ मध्ये या कामाचे प्रशिक्षण देणारी शाळा तिथे सुरू झाली आणि स्टोमा-परिचर्या हे स्वतंत्र शास्त्र उभे राहिले. डिग्रीच्या आधी अनुभव होता.

आपल्याकडे मुंबईत १९७५ पासून ऑस्टॉमी असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था याच तत्त्वावर काम करते. पिशव्या मिळवून देणे, सल्ला देणे, आणि स्वतः पिशवी वापरणाऱ्या माणसाने नव्या रुग्णाला भेटणे हे तिचे काम. १९९३ पासून ऑक्टोबरमधल्या पहिल्या शनिवारी जागतिक ऑस्टॉमी दिनही पाळला जाऊ लागला. परळच्या दवाखान्यात जाणाऱ्या रुग्णाला हा आधार हाताशी असतो. उरल्याच्या माणसाला त्याचा पत्ताही कोणी सांगत नाही. आणि हे दुखणे असे आहे की माणूस स्वतः होऊन विचारत नाही. लघवी हा शब्दच चारचौघांत उच्चारायचा नसतो, असे आपण लहानपणापासून शिकलो. बायकोपाशीही मोकळे बोलता येत नाही. स्त्री कर्मचाऱ्यांची कोंडी तर दुप्पट. वास येत असेल, लोक बाजूला सरकत असतील, या शंकेने माणूस सोबत्यांबरोबर डबा खायचे सोडतो, लग्नकार्याला जायचे टाळतो, आणि शेवटी कामावर जाणेही टाळू लागतो. वास्तविक नीट बसलेल्या पिशवीला वास येत नाही आणि ती कपड्याबाहेर दिसतही नाही. हे डॉक्टरने दहा वेळा सांगून पटत नाही. पिशवी लावून पाच वर्षे नोकरी करणारा पोस्टमन समोर येऊन बसला की एका भेटीत पटते.

अशी माणसे आपल्यातच आहेत, पण एकमेकांपासून तुटलेली. त्यांना जोडू शकेल असे जाळे कोणाकडे आहे? दवाखान्याकडे नाही. ते आपल्याकडे आहे. भुसावळपासून बिलासपूरपर्यंत मोठ्या स्टेशनांवर शाखा आहेत, मुख्य टपाल कार्यालयांत आणि आरएमएसमध्ये शाखा आहेत. रायपुरात महाराष्ट्र मंडळासारखी जुनी संस्था आहे, जिथे तीन महिन्यांनी एकदा दहा माणसे बसून मराठीत मोकळेपणी बोलू शकतील. आणि शेवटी मुंबईहून पिशव्यांचे पार्सल गावोगावी नेणारा पोस्टमन आपलाच साथी आहे.

दोन आक्षेप

पहिला आक्षेप असा की हा डॉक्टरी विषय आहे, संघटनेचा नव्हे. एका साध्या गोष्टीने याला उत्तर देता येईल. स्टोमा पोटावर नेमका कुठे काढायचा, याची खूण शस्त्रक्रियेच्या आधी करतात. माणसाला उभे करून, बसवून, वाकवून, पट्टा आणि नाडी कुठे येते ते पाहून खूण करावी लागते. पोस्टमनच्या थैलीचा पट्टा कुठून जातो, की-मनच्या कमरेला अवजारे कुठे लागतात, लोको पायलट तासन्‌तास कसा बसतो, हे सर्जनला सांगणार कोण? पट्ट्याखाली आलेला स्टोमा माणसाला जन्मभर छळतो. त्याचप्रमाणे जड वजन उचलल्याने स्टोमाशेजारी हर्निया होतो. म्हणजे कामाचे स्वरूप हाच उपचाराचा भाग आहे, आणि कामाच्या स्वरूपाबद्दल बोलण्याचा अधिकार आपला आहे.

दुसरा आक्षेप असा की अशा लोकांची संख्या थोडी. असेल. एकेकट्याचे ऐकले जात नाही म्हणूनच तर संघटना असते. बहुसंख्यांच्या मागणीला आवाज आपोआप मिळतो. महागाई भत्त्यासाठी मोर्चा निघतो तेव्हा त्या मोर्च्यात हा माणूसही चालतो, पिशवी सांभाळत. त्याच्यासाठी एक अर्ज लिहिणे आपल्याला जड जाऊ नये.

कायदा कुठवर येतो

अपंगांच्या हक्कांसाठी २०१६ मध्ये झालेल्या कायद्यात अपंगत्वाचे २१ प्रकार नमूद आहेत. त्यांत स्टोमा नाही. त्यामुळे पिशवी लावलेल्या माणसाला केवळ त्या कारणाने अपंगत्वाचा दाखला मिळत नाही. नोकरीत असताना अपंगत्व आलेल्या सरकारी कर्मचाऱ्याला काढता येणार नाही, त्याचा दर्जा कमी करता येणार नाही, हे त्याच कायद्याचे विसावे कलम सांगते. पण यादीत नाव नसले की त्या कलमाशी पोहोचायलाच वाद घालावा लागतो.

रेल्वेत मात्र आस्थापना नियमावलीचे तेरावे प्रकरण आहे. नोकरीत असताना आपल्या पदाचे काम करण्यास शारीरिकदृष्ट्या असमर्थ ठरलेल्या कर्मचाऱ्याला त्याच वेतनश्रेणीच्या दुसऱ्या पदावर घ्यावे, पद नसेल तर अधिसंख्य पद निर्माण करावे, अशी त्यात तरतूद आहे. या तरतुदीचा आधार ट्रॅकमन आणि पॉइंट्समन साथींना मिळवून देता येतो. उरल्यासारख्या वसाहतीत राज्य विमा योजनेखाली येणाऱ्या कामगाराला कर्करोगासारख्या दीर्घ आजारात, सेवेच्या अटी पूर्ण असतील तर, सरासरी रोजंदारीच्या ८० टक्के दराने दोन वर्षांपर्यंत विस्तारित आजारपण लाभ आहे. हे माहीत नसल्याने कंत्राटदाराच्या शब्दावर राजीनामा लिहून देणारे कामगार आहेत. त्यांना सावध करणे हे शेजारच्या यार्डातील संघटित कामगाराचे कर्तव्य आहे.

मागण्या आणि कामे

१९५२ पासून रेल्वेत कायम वाटाघाट यंत्रणा आहे आणि १९६६ पासून केंद्रीय कर्मचाऱ्यांसाठी संयुक्त सल्लागार यंत्रणा आहे. तिथे पुढील मागण्या लेखी मांडाव्यात, असे या लेखकाचे मत आहे.

१) पिशवी, चकती, रात्रीची पिशवी आणि कातडी जपण्याची पावडर ही सर्व औषधासारखीच गरजेची आहेत असे मानून त्यांचा पुरवठा रेल्वे रुग्णालयांतून दरमहा, खंड न पडता व्हावा. ज्याला जो माप आणि जो प्रकार बसतो तोच मिळावा. स्वस्त म्हणून भलत्या मापाची चकती दिली की कातडी सोलवटते. टपाल कर्मचाऱ्यांना त्याच वस्तूंची भरपाई विनातक्रार मिळावी.

२) ज्याच्या पोटावर पिशवी आहे त्याच्या कामाच्या जागी कडी लागणारे स्वच्छतागृह, आत पाण्याचा नळ, एक खुंटी आणि झाकणाची कचरापेटी असावी. खर्च किरकोळ आहे. लोको पायलट आणि महिला कर्मचाऱ्यांच्या जुन्या मागणीशी ही मागणी जोडून घ्यावी.

३) पर्यायी पदाचा निर्णय होईपर्यंत रजा आणि पगार यांचे नुकसान होऊ नये. पर्यायी काम देताना त्या माणसाला विचारावे. बीटवरचा पोस्टमन आत सॉर्टिंगला बसू शकतो. त्याला 'अनफिट' म्हणून घरी बसवू नये.

४) सीझन तिकिटावरची ऑस्टॉमी सवलत सर्व अंतराच्या साध्या व शयनयान तिकिटांना लागू करावी.

५) २०१६ च्या कायद्याच्या यादीत कायमस्वरूपी स्टोमाचा समावेश व्हावा, यासाठी महासंघाने अन्य केंद्रीय संघटनांना बरोबर घेऊन पाठपुरावा करावा.

६) ग्रामीण डाक सेवक आणि कंत्राटी कामगार यांना या सर्वांतून वगळू नये. ज्याला नियमित कर्मचाऱ्यासारखे वैद्यकीय संरक्षण नाही, त्याचीच पिशवी आधी थांबते.

मागण्या मान्य होईपर्यंत शाखांनी हातावर हात ठेवून बसण्याचे कारण नाही. रेल्वेत कर्मचारी हितनिधी आहे, त्याच्या समितीवर आपले प्रतिनिधी बसतात. टपाल खात्यातही कल्याण निधी आहे. शस्त्रक्रियेनंतरचा पहिला महिना सर्वांत कठीण असतो. त्या महिन्याच्या पिशव्या निधीतून घेऊन देण्याचा ठराव होऊ शकतो. प्रत्येक विभागात एक पुरुष आणि एक स्त्री कार्यकर्ता या कामासाठी नेमावा. त्यांनी आपल्या भागातील अशा साथींची त्यांच्या संमतीने ओळख करून घ्यावी आणि जुन्याची गाठ नव्याशी घालून द्यावी. कोणाचेही नाव फलकावर, ठरावात किंवा भाषणात येता कामा नये. ज्याला बोलायचे नाही त्याचा तो हक्क आहे. हितनिधीच्या अर्जावर 'वैद्यकीय साहाय्य' एवढे दोनच शब्द पुरे आहेत.

उरकुऱ्याच्या यार्डात, उरल्याच्या मिलमध्ये, रायपूरच्या सॉर्टिंगमध्ये आज कोणी साथी तहान मारून पाळी काढत असेल. त्याने पाणी पिऊन काम करावे आणि काम करून घरी जावे, इतकी साधी ही मागणी आहे. येत्या शाखा सभेत हा विषय मांडावा आणि झालेला ठराव महासंघाच्या कचेरीकडे पाठवावा, ही सर्व शाखा चिटणिसांना विनंती.